जुळवायचे पैसे, सोडायचे नाहीत

१९७५ साली गिरगावातल्या एका छापखान्यात मी उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा मला पंधरा पुरी होऊन तीन महिने झाले होते. नववीतून शाळा सुटली होती. थोरला भाऊ लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होता. त्याच्या ओळखीच्या एका कंपोझिटरनं मला फोरमनसमोर नेऊन उभं केलं. कंपोझिटरचं काम म्हणजे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, जुळवून ओळी करणं. पहिले सहा महिने मला जुळवायला दिलंच नाही. छापून झालेला फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली जुळवलेली पानं, धुवायचा, ओळी सुट्या करायच्या आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. कागदावर त्याला डिस्ट्रिब्यूशन म्हणत, आम्ही म्हणायचो मॅटर सोडणं. इंग्रजी जुळवणाऱ्याचं दोन केसेसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या दोन खोक्यांवर, भागतं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं असं सगळं धरून चार केसेस अंगाभोवती लागतात आणि खण तर शेकड्यांनी. सोडताना एक 'घ' चुकून 'ध'च्या खणात पडला, तर उद्या दुसऱ्याच्या ओळीत 'धर' जुळवायला घ्यावं आणि प्रुफात 'घर' निघावं. म्हणून सोडणाऱ्याचा हात जुळवणाऱ्याइतकाच तयार लागतो.

पण त्या हाताला पैसे नव्हते. आमच्याकडे थोडे कंपोझिटर पगारी, बाकीचे पानावर. पान जुळवून झालं की दर ठरलेला. तेच पान छापून झाल्यावर सोडायचं, तर ते फुकट. लेखकानं दुसऱ्या प्रुफात अख्खा परिच्छेद बदलला तरी ती दुरुस्ती फुकट. दिवसातला दीड-दोन तासांचा वेळ असाच जायचा. संध्याकाळी हात काळे आणि खिशात पाच तासांची मजुरी. शिशाचं काम म्हणून गुळाचा खडा मिळायचा, साबण मात्र घरून न्यायचा.

त्यात दिवाळी अंक. गिरगावातल्या छापखान्यांचं वर्ष दोन गर्दींत मोजलं जायचं. एक जूनच्या आधी शाळेच्या पुस्तकांची, दुसरी भाद्रपद-आश्विनात दिवाळी अंकांची. आमच्यातले निम्म्याहून जास्त लोक रत्नागिरीचे, सिंधुदुर्गातले. गणपतीला घरी जायचं, आणि नेमके तेव्हाच अंकांचे फर्मे अंगावर. रात्री अकरापर्यंत थांबायचं. दिवसाला नऊ तासांच्या पुढे किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीसच्या पुढे काम झालं तर मजुरी दुप्पट, असं कारखाना कायद्यात १९४८ पासून लिहिलेलं होतं. आम्हाला एकेरी मिळायची, वर वडापाव आणि चहा. कायद्यात असं काही आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कायद्याची पुस्तकं आम्हीच जुळवत होतो, पण जुळवणारा ओळ अक्षर-अक्षर उलटी बघतो, त्यातला अर्थ मनात शिरायला फुरसत नसते.

युनियनचं पहिलं बोलणं निघालं ते १९७७ च्या उन्हाळ्यात. आणीबाणी मार्चमध्ये उठली होती आणि लोकांच्या जिभा सैल झाल्या होत्या. बोलणं काढलं तात्यांनी. तात्या पन्नाशीचे, मालवणकडचे, खाली मान घालून काम करणारे. भाषण असं त्यांनी जन्मात केलं नाही. ठाकूरद्वारच्या एका वकिलांकडे ते आम्हाला घेऊन गेले. वकील म्हणाले, १९२६ चा कामगार संघटना कायदा आहे, सात सभासदांच्या सह्या आणा.

सहा झाल्या. सातवी होईना. ज्यांना विचारलं त्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती, नाहीतर गावाला घर शाकारायचं होतं. त्यांची भीती खोटी नव्हती, दुसऱ्या दिवशी काम गेलं तर विचारणारं कोण? शेवटी तात्या माझ्याकडे वळले.

"तुझं वय किती रे?"

"सतरा."

ते पुन्हा वकिलांकडे गेले आणि हसत परतले. तेव्हाच्या कायद्यात पंधरा वर्षांवरचा माणूस सभासद होऊ शकत होता, सही करू शकत होता, फक्त अठरा पुरी होईपर्यंत पदाधिकारी होता येत नव्हतं. सातवी सही माझी. भावाला रात्री सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "वर्गणी वेळेवर भर. आमच्याकडे सगळे घोषणेला असतात, वर्गणीला नसतात."

अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा चूक आमची. पहिल्यांदा आम्ही निवडलेलं नाव आधीच नोंदलेल्या एका संघटनेच्या नावाशी फार मिळतं होतं. दुसऱ्यांदा घटनेत विसर्जनाचं कलम नव्हतं. नियमावलीत कायकाय हवं याची यादी कायद्यातच होती: उद्देश, निधी कशावर खर्चायचा, सभासदांची यादी कोण पाहू शकेल, हिशेबतपासणी, पदाधिकारी कसे नेमायचे आणि काढायचे, आणि संघटना मोडायची तर कशी. तात्यांना ते शेवटचं कलम लिहायला फार जड गेलं. "अजून जन्माला आली नाही आणि मरणाचं काय लिहायचं," असं म्हणत त्यांनी ते लिहिलं. वर्गणी महिना किमान पंचवीस पैसे असावी असं कायदा म्हणत होता. आम्ही एक रुपया ठेवली.

पावतीपुस्तक आमच्या छापखान्यात छापणं शक्यच नव्हतं. चिराबाजारच्या बाजूला एका गल्लीत पायानं चालवायचं छोटं ट्रेडल मशीन असलेला ओळखीचा एक माणूस होता. एका रविवारी आम्ही तिघं तिथं गेलो. तात्यांनी स्वतः ओळी जुळवायची स्टिक हातात घेतली. युनियनचं नाव चोवीस पॉइंटात, खाली 'मुंबई ४', मग 'पावती क्रमांक', 'श्री.', 'मासिक वर्गणी रु. १', आणि सहीच्या रेघेसाठी पितळी रूळ. छापून झाल्यावर मी सवयीनं मॅटर सोडायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. चारी बाजूंनी दोरा गुंडाळून, टोक कोपऱ्यात खोचून त्यांनी ते गॅलीवर, जुळवलेलं मॅटर ठेवायच्या तबकावर, तसंच उभं ठेवलं. पुढच्या प्रत्येक पुस्तकाला हेच वापरायचं. बांधून ठेवलेल्या त्या मॅटरचे खिळेही तात्यांनी त्या माणसाकडून वजनावर विकत घेतले.

नोंदणी झाली १९७८ च्या सुरुवातीला. त्यानं मालकाचं काहीच अडत नव्हतं. नोंदलेली युनियन आणि मान्यताप्राप्त युनियन यांत फार अंतर आहे. महाराष्ट्राचा त्यासाठीचा कायदा १९७१ चा, प्रत्यक्षात लागू झाला सप्टेंबर १९७५ ला. लोक त्याला यूएलपी म्हणतात, त्याच्या नावातल्या 'अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस'वरून. तेव्हा पन्नास किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी, अर्जाच्या लगेच आधीच्या सहाही महिन्यांत तीस टक्के सभासद दाखवले, तर औद्योगिक न्यायालय मान्यता द्यायचं. मान्यता मिळाली की बोलणी करण्याचा हक्क तुमचा, आवारात वर्गणी गोळा करता येते, नोटीस बोर्ड लावता येतो. त्यासाठी कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी व्हायला हवी, आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत उतरवलेले हवेत.

आमच्याकडे कंपोझिंग, मशीन, बाइंडिंग मिळून चौऱ्याऐंशी माणसं. तीस टक्के म्हणजे सव्वीस. सभासद झाले होते एकतीस. वरची पाच माणसं एवढाच काय तो जीव. एका महिन्यात सहा जणांनी रुपया चुकवला की सहा महिने पाण्यात. आमचे सहा महिने पडत होते एप्रिल ते सप्टेंबर, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गणपती. सगळे गावाला निघालेले, कुणाच्या हातात आकाशकंदिलाचे कागद, कुणाच्या हातात आईसाठी साडी. वर्गणीचा रुपया कोण लक्षात ठेवणार?

त्या रात्री मी तात्यांबरोबर मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकावर गेलो. काखेत पावतीपुस्तक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. कोकणच्या गाड्यांच्या रांगेतून ते फिरत होते. खिडकीशी जायचे, आतल्या माणसाला नावानं हाक मारायचे, गावाकडची चौकशी करायचे आणि मग हळूच म्हणायचे, "रुपया राहिला." लोक चिल्लर काढायचे. तात्या पुस्तक एसटीच्या पत्र्यावर टेकवून पावती लिहायचे. एका गाडीनं हॉर्न दिला, चाकं हलली, आणि पावती अर्धीच फाटली होती. मी गाडीबरोबर पळत जाऊन ती खिडकीतून दिली. पहाटेपर्यंत एकोणतीस झाले. स्थळप्रत त्यांनी पुन्हा मोजली आणि मगच चहा घेतला.

पुढे न्यायालयाचा तपास अधिकारी आला, तेव्हा त्यानं एकेक स्थळप्रत, एकेक सही ताडून पाहिली. सप्टेंबरच्या पावत्यांवरचं अक्षर वेडंवाकडं होतं. त्यानं कारण विचारलं, तात्यांनी एसटीची गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये मान्यता मिळाली.

कामगार चळवळीची गोष्ट सांगताना लोक संप सांगतात, मोर्चे सांगतात. त्या पावत्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे मला मोर्चे फिके वाटतात. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाच्या एका वर्गाला मी बसलो होतो. तिथं पहिल्यांदा ऐकलं की कलकत्त्यात सरकारी छापखान्यांचा संप चालू असताना २१ ऑक्टोबर १९०५ ला प्रिंटर्स युनियन उभी राहिली, आणि आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या खऱ्या कामगार संघटनांत ती धरतात. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नावही तिथंच नीट कळलं. 'दीनबंधु' चालवणारा हा माणूस, मिलहँड्स असोसिएशन उभी करणारा, ज्याच्या खटपटीमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मी लगेच मनात म्हटलं, 'दीनबंधु' जुळवणारे कोण होते? त्यांना तरी रविवार मिळत होता का? तेव्हापासून जुना अंक हातात आला की माझं लक्ष आधी ओळींतल्या स्पेसकडे जातं. कुठं हात थकला होता ते स्पेसवरून कळतं.

पहिला करार झाला १९८० मध्ये. मॅटर सोडण्याचा वेगळा दर मिळाला, जुळवणीच्या पाव हिश्शानं. दुसऱ्या प्रुफानंतरच्या दुरुस्त्या तासावर. जादा वेळ दुप्पट. गणपतीची चार दिवस पगारी सुट्टी, दोन पाळ्यांत वाटून, म्हणजे अंकही अडू नयेत. हात धुवायला साबण आणि गरम पाणी. त्याच वर्षी वर्तमानपत्रांतल्या लोकांना, त्यांचे पगार ठरवायला नेमलेल्या पालेकर न्यायाधिकरणाच्या शिफारशी मिळाल्या आणि शेजारच्या दैनिकातला कंपोझिटर आमच्या जवळजवळ दुपटीवर गेला. केस तीच, खिळे तेच, पण तो वर्तमानपत्राचा कामगार आणि आम्ही पुस्तकाच्या छापखान्यातले, आम्हाला किमान वेतनाचं कोष्टक. ही दरी आम्हाला कधीच बुजवता आली नाही.

मग १९८२. १८ जानेवारीला गिरण्या बंद पडल्या त्या भावाच्या आयुष्यात पुन्हा चालू झाल्याच नाहीत. घर माझ्या पगारावर आलं. त्यावर याहून जास्त लिहवत नाही.

१९८६ च्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी छापखान्याच्या दारात लाकडी खोकं उतरलं. फोटो टाइपसेटिंगचं मशीन, खिळ्यांशिवाय अक्षरं फोटोच्या कागदावर उमटवणारं. एव्हाना मी युनियनचा चिटणीस होतो, तात्या खजिनदार. सोमवारी मशीनच्या खोलीला कुलूप आणि बाहेर दोन नव्या मुली, टायपिंगची परीक्षा झालेल्या. सव्वीस कंपोझिटर एकमेकांकडे बघत उभे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आवाज उठला, संप! मान्यताप्राप्त युनियनला संपासाठी मतदान घ्यावं लागायचं, चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागायची. पण माझ्या मनात ते कलम नव्हतं, घरातला भाऊ होता. मी म्हटलं, मला दोन दिवस द्या.

वकिलांनी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ दाखवलं. सेवेच्या अटीत चौथ्या अनुसूचीतला बदल करायचा तर मालकानं एकवीस दिवसांची नोटीस द्यायला हवी, आणि त्या अनुसूचीची दहावी बाब अगदी आमच्यासाठीच लिहिल्यासारखी होती: यंत्रसामग्रीत किंवा तंत्रात अशी सुधारणा, जिच्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे. नोटीस दिलेली नव्हती. आम्ही समेट अधिकाऱ्यांकडे गेलो. मालकांचं म्हणणं साधं होतं, मशीन आलं नाही तर गिऱ्हाईक जाईल. ते खरंही होतं आणि मी तसं भर बैठकीत म्हटलं. आमच्यातल्या काहींना ते आवडलं नाही. पण मशीन अडवायला आम्ही गेलोच नव्हतो. आमचं म्हणणं होतं, खुर्चीवर बसणार कोण?

त्या बैठकीत तात्या एकदाच बोलले. त्यांनी टेबलावरचं एक ब्रोमाइड, मजकूर उमटलेला फोटोचा कागद, उचललं, त्या नव्या मशीनमधूनच आलेलं. खिशातून भिंग काढलं आणि अधिकाऱ्यांना पाच चुका दाखवल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन, एक रफार पुढच्या अक्षरावर, एक ओळ उंबरठ्यावर पाय मोडावा तशी शब्दाच्या भलत्याच जागी तोडलेली. "साहेब, बोटं सहा महिन्यांत शिकतात," ते म्हणाले. "हे शिकायला आम्हाला तीस वर्षं लागली."

करार झाला. कपात नाही. मशीनवर पहिला हक्क केसवर काम केलेल्याचा. शिक्षण कामाच्या वेळात, पूर्ण पगारी, पहिले सहा महिने वेगाची अट नाही. ज्यांना जमणार नाही त्यांना पेस्ट-अप, म्हणजे ब्रोमाइडचे तुकडे पानावर चिकटवणं, किंवा मुद्रितशोधन. ज्यांना निघायचंय त्यांना वर्षाला पंधरा दिवसांऐवजी तीस दिवसांचा पगार. त्या दोन मुलीही राहिल्या, आणि त्यांनीच आम्हाला बोटं टाकायला शिकवलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस बावीस वर्षांच्या मुलीला "बाई, हा श्र कुठं आहे?" विचारायचा. महिन्याभरानं तीच मुलगी त्याला "काका, 'आशीर्वाद' बरोबर आहे ना?" विचारायला लागली. सव्वीसपैकी सतरा मशीनवर बसले, मी त्यांतला एक.

आता जे लिहायचंय ते आमच्या वहीत कुठंच नाही. तळमजल्यावर नऊ बायका फर्म्यांच्या घड्या घालायच्या. हजारावर दर, कंत्राटदारामार्फत. छापखान्याच्या हजेरीपत्रकावर त्या नव्हत्या, म्हणून आमच्या सभासदयादीतही नव्हत्या. १९८९ मध्ये घडीचं मशीन आलं आणि एका आठवड्यात त्या दिसेनाशा झाल्या. कलम ९-अ मला पाठ होतं. तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांच्यातली एक जण एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "तुमच्या युनियनचा रुपया आम्हीपण दिला असता, कुणी मागितला नाही." तात्यांनी एसटीच्या खिडक्यांशी जाऊन रुपया मागितला होता, आणि तळमजल्यावर जायला आम्हाला अकरा वर्षांत जिना सापडला नाही. कुणी आमच्या युनियनचा इतिहास विचारला तर मी हे आधी सांगतो.

पुढे टेबलावरचे संगणक आले. गिऱ्हाईक घरीच पान लावून आणायला लागलं. १९९१ मध्ये केसेस गेल्या, खिळे पोत्यात भरून फाउंड्रीच्या माणसानं किलोवर नेले. सोडण्याचा दर आम्ही भांडून मिळवला होता, आणि ते मॅटर कुणी सोडलं नाही, तसंच वितळवायला गेलं. छापखाना १९९८ मध्ये बंद झाला. देणी कायद्याप्रमाणे मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही.

उरली युनियन. मोडायचं कलम तात्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंच होतं. तेव्हाच्या कायद्यात विसर्जनाची नोटीस सात सभासद आणि चिटणीस यांच्या सहीनं चौदा दिवसांत निबंधकांकडे जावी लागायची. पुन्हा सात. सभा माझ्या खोलीवर झाली, एकोणीस जण आले. शिल्लक सभासदांत वाटली, माणशी सहाशे चाळीस रुपये. मी घडीवाल्या बायकांचा विषय काढला. अकरा जणांनी आपले पैसे तिथंच माझ्या हातात परत ठेवले. नऊपैकी सहा जणींचे पत्ते मिळाले. चिंचपोकळी, काळाचौकी, एक दिव्याला. मी आणि आणखी एक जण दोन रविवार फिरलो. एकीनं पैसे घेतले नाहीत. दार लावलं नाही, पाणी दिलं, पण पैसे घेतले नाहीत.

सहा सह्या सभेतच झाल्या होत्या. सातवी तात्यांची, ते सभेला येण्याच्या अवस्थेत नव्हते. डोंबिवलीला मुलीकडे होते, उजवा हात थरथरायचा. मी कागद पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून सबंध वाचला, एका जागी अनुस्वार राहिला होता तो दाखवला. मी पेननं दिला. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी सही केली, वेळ लागला.

मी कागद घडी करायला लागलो तर म्हणाले, "थांब. या महिन्याची वर्गणी?"

"तात्या, आता कसली वर्गणी?"

"नोटीस तिकडे जाईपर्यंत मी सभासद आहे." उशीखालून त्यांनी एक रुपयाचं नाणं काढलं.

पिशवीत शेवटचं पुस्तक होतंच, चौदा पावत्या उरलेलं. मी क्रमांक घातला, त्यांचं नाव लिहिलं, तारीख टाकली, पितळी रुळाच्या ओळीवर सही केली.

"स्थळप्रत नीट ठेव," ते म्हणाले, आणि पावती घेऊन उशीखाली सरकवली.